कित्थे सर

आमच्या वाचनाच्या तासाला वर्गात एक खुर्ची जास्तीची लागायची. ती लेखकाची. ज्या पुस्तकावर त्या दिवशी बोलायचं त्याचा लेखक लंडनला असो, कलकत्त्याला असो, नाहीतर शंभर वर्षांपूर्वी वारलेला असो, सर त्याच्यासाठी टेबलाच्या उजव्या बाजूला खुर्ची मांडायचे, रुमालाने झटकायचे आणि कँटीनमधून स्वतःच्या हातांनी चहाचे दोन ग्लास घेऊन यायचे. एक स्वतःला, एक खुर्चीपुढे. तास संपेपर्यंत लेखकाच्या चहावर साय धरायची. मग तोही सरच पिऊन टाकायचे.

"पाहुण्याने घेतला नाही म्हणून फेकायचा थोडाच?" असं वर म्हणायचे.

एकदा प्राचार्य तास बघायला आले आणि सवयीने त्याच खुर्चीवर टेकले. सर अत्यंत अदबीने म्हणाले, "सर, तिथे लेखक बसलेत." प्राचार्य विंचू चावल्यासारखे उठले. उठल्यावर त्यांनी वळून खुर्चीकडे पाहिलंसुद्धा, खरंच कुणी आहे की काय म्हणून. उरलेला तास त्यांनी दाराजवळ उभ्याने काढला.

कॉलेजात नवा आलेला कुणीही म्हणाला असता की हा माणूस जरा सरकलेला आहे. मीही पहिल्या दिवशी तेच म्हटलं. पण त्या खुर्चीमागे एक विचार होता. सर सांगायचे, "लेखक समोर बसलाय असं समजा. त्याच्या तोंडावर जे बोलायला तुम्हाला लाज वाटेल, ते कागदावरही लिहू नका. आणि तो समोर बसलाय म्हणून जे गिळून टाकावंसं वाटेल, ते मात्र नक्की लिहा." पुस्तक परीक्षण म्हणजे काय, हे मला आजवर कुणी याहून नेमकं सांगितलेलं नाही. मी स्वतः पुढे कित्येक वर्षं मराठी नियतकालिकांत परीक्षणं लिहिली. लोक विचारतात, हे कुठे शिकलात? मी सांगते, चंदीगडला. त्यांना वाटतं मी थट्टा करते.

बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. नागपूरहून त्यांची चंदीगडला बदली झाली तेव्हा वर्तमानपत्राचं पहिलं पान रोज पंजाबातल्या दहशतवादाच्या बातम्यांनी भरलेलं असायचं. बायकामुलांना नागपूरलाच ठेवा, असं सगळ्या नातेवाइकांनी बजावलं. आई म्हणाली, "काहून? तिकडं काय मानसं राहत नाहीत का?" आणि आम्ही सगळे निघालो. सरकारी क्वार्टर मिळालं, मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, आणि धाकटा भाऊ वर्षभरात आईला हिंदीत उत्तरं द्यायला लागला. "पक्का पाँच बजे आ जाऊँगा, मम्मी." आई म्हणायची, "पक्का-बिक्का नको सांगू, घड्याळ बघून ये." कारण पाच म्हणजे पाचच. चौकाचौकात वाळूची पोती रचलेली, त्यांच्यामागे बंदूक घेतलेला जवान. बसमध्ये चढलं की सीटखाली वाकून बघायची सवय लागलेली. बेवारस पिशवी, ट्रान्झिस्टर, डबा, कशालाही हात लावायचा नाही. पंजाबातल्या गावांकडे जाणाऱ्या बसेस संध्याकाळ व्हायच्या आत सुटायच्या, आणि हॉस्टेलमधली मुलं बहुतेक सुट्ट्यांनाही घरी जात नसत.

सर इंग्रजी शिकवायचे. शीख, उंच, थोडे पोक आलेले. राखी पगडी, आणि पगडीच्या घडीत खोचलेल्या दोन पेन्सिली, एक लाल आणि एक निळी. पुस्तक पहिल्यांदा वाचताना लाल पेन्सिलीने खुणा, दुसऱ्यांदा वाचताना निळीने. "पहिल्यांदा मी एकतर चिडतो, नाहीतर प्रेमात पडतो," ते म्हणायचे. "का, ते दुसऱ्यांदा कळतं." त्यांच्या पुस्तकांत लाल पेन्सिलीने समासात 'मूर्खपणा!' असं लिहिलेलं असायचं आणि शेजारी निळ्या पेन्सिलीने, बारीक अक्षरात, 'सॉरी'.

नवं पुस्तक हाती आलं की आधी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे. पुस्तक खराब होऊ नये म्हणून नव्हे. मलपृष्ठावरचा मजकूर दिसू नये म्हणून. "तो लेखकाच्या मेहुण्याने लिहिलेला असतो," हे त्यांचं ठाम मत होतं.

वाचनाचा तास अभ्यासक्रमात नव्हता. शनिवारी दुपारी, ज्याला यायचं त्याने यावं. यायचो आम्ही सात-आठ जण. थंडीत वर्ग गारठलेला असायचा, तेव्हा सर खुर्चीसकट आम्हाला बाहेर हिरवळीवर उन्हात न्यायचे. खिशात भुईमुगाच्या शेंगा असायच्या. परीक्षणात चांगलं वाक्य आलं की वाचणाऱ्यापुढे मूठभर शेंगा ठेवल्या जायच्या. पहिले दोन महिने माझ्यापुढे एकही शेंग पडली नाही.

माझं पहिलं परीक्षण आठवलं की अजून हसू येतं. नागपूरच्या कॉलेजात वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेली मुलगी मी, छातीठोकपणे उभी राहिले आणि वाचलं, "हे पुस्तक हृदयाला भिडतं."

सर म्हणाले, "कित्थे?"

पंजाबीत कित्थे म्हणजे कुठे, एवढं मला कळत होतं. मी बावरून छातीवर हात ठेवला. सगळी हिरवळ हसली.

"तिथे नाही, बेटा. पुस्तकात कित्थे? कुठल्या पानावर? कुठल्या वाक्याला? भिडलं असेल तर एका जागी भिडलं असेल. ती जागा दाखव."

मला दाखवता येईना. मग त्यांनी ते पुस्तक माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी फक्त ती जागा शोधून आण. बाकी काही लिहू नकोस."

मी आठवडाभर शोधलं. सापडली ती मला वाटलं होतं तिथे नव्हतीच. शेवटच्या मृत्यूच्या प्रसंगात नव्हती. मधेच एका ओळीत म्हातारी बाई नेहमीच्या सवयीने दोन ताटं वाढते आणि मग एक उचलून ठेवते, तिथे होती. मी तेवढंच वाचून दाखवलं. सरांनी खिशात हात घातला. माझ्यापुढे शेंगा आल्या. मला वक्तृत्वाचं कुठलंही बक्षीस इतकं गोड लागलेलं नाही.

सगळं कॉलेज त्यांना 'कित्थे सर' म्हणायचं ते यामुळे. कुणी म्हणालं, भाषा ओघवती आहे, तर कित्थे? कुणी म्हणालं, मध्ये कंटाळा येतो, तर कित्थे, आणि त्या वेळी तुला भूक लागली होती का? हा प्रश्न ते अगदी गंभीरपणे विचारायचे. कंटाळा पुस्तकाचा आहे की आपला, हे तपासल्याशिवाय लिहायचं नाही. लेखकाला काय करायचं होतं ते आधी त्याच्या बाजूने सांगायचं, ते जमलं का ते मग बघायचं, आणि ते करण्याजोगं होतं का, हा आपला प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. गोष्ट सांगत बसायचं नाही. शेवट तर मुळीच सांगायचा नाही.

शेवट न सांगण्याच्या बाबतीत ते किती कडवे होते त्याचा एक किस्सा आहे. सर पिंजौरला राहायचे आणि काल्का रस्त्याच्या बसने रोज यायचे. वाटेत नाका होता. बस थांबवायचे, आणि त्या दिवसांत पगडीवाल्या पुरुषांना तेवढं खाली उतरवून झडती घ्यायचे. बाकीचे प्रवासी खिडकीतून बघत बसायचे. सरांच्या वयाच्या माणसाला हात वर करून रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागायचं, एका हातात झोळी, एका हातात पुस्तक. हे ते आम्हाला कधी सांगत नसत. आमच्यातली एक मुलगी त्याच बसने यायची, तिने सांगितलं.

एक दिवस नव्या जवानाने त्यांच्या हातातलं वर्तमानपत्राच्या कव्हरातलं पुस्तक बघून संशयाने विचारलं, "ये क्या है?"

"किताब है. इसकी भी तलाशी लीजिए," सर म्हणाले. "पन्ने पलटके देखिए. जरूर देखिए."

त्याने पानं उलटली. इंग्रजी बघून म्हणाला, "किस बारे में है?"

हा प्रश्न सरांना विचारायला नको होता. ते तिथेच, हात खाली घेऊन, सांगायला लागले. कोण माणूस आहे, कुठे निघालाय, वाटेत त्याला काय नडलंय. बसमधले लोक ओरडायला लागले, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, पण जवान ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी बस थांबली तेव्हा त्याने झडती घेतली नाही. "प्रोफेसर साहब, आगे क्या हुआ?" एवढंच विचारलं. असं आठवडाभर चाललं. शेवटी गोष्ट टोकाला आली आणि सर म्हणाले, "बस. आखिरी हिस्सा मैं किसी को नहीं बताता." जवानाने बंदूक खांद्यावर असताना विनवण्या केल्या. सर बधले नाहीत. त्यांनी बाजारातून त्या पुस्तकाचं हिंदी भाषांतर शोधून त्याला आणून दिलं आणि म्हणाले, "पढ़िए. और मुझे बताइए कि मैंने ठीक किया या नहीं."

ही गोष्ट मी आजवर अनेकांना सांगितली आहे. झडती देणाऱ्या माणसाने झडती घेणाऱ्याला वाचायला लावलं, याचा मला तेव्हाही अभिमान वाटला होता आणि अजून वाटतो.

पण सरांचं खरं मोठेपण मला दिसलं ते पुढच्या प्रसंगात.

सुरक्षेच्या कामावर असलेल्या एका बड्या अधिकाऱ्याने इंग्रजीत कादंबरी लिहिली होती. सरहद्दीजवळचं एक गाव, दहशतीची वर्षं, गावाचा विश्वास मिळवू पाहणारा एक अधिकारी. आमच्या प्राचार्यांनी त्यांना कॉलेजात बोलावलं. कार्यक्रमात एका विद्यार्थ्याने पुस्तकावर परीक्षण वाचावं अशी सूचना आली, आणि परीक्षण म्हटल्यावर काम अर्थातच आमच्या शनिवारच्या टोळीकडे आलं.

दोघांनी लिहून आणलं. एका मुलाने आणलं ते आरतीसारखं होतं. दुसरं हरजीतने आणलं.

हरजीत हा तशाच सरहद्दीजवळच्या गावातला मुलगा. त्याच्या बापाने त्याला दोन्हीकडच्या बंदुकांपासून लांब ठेवायला चंदीगडला पाठवलं होतं. तासाला तो नेहमी मागे बसायचा आणि फारसं बोलायचा नाही. हॉस्टेलची झडती झाली तेव्हा त्याला आणखी काही पगडीवाल्या मुलांबरोबर चौकशीला नेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं होतं. त्याविषयीही तो कधी काही बोलला नाही. त्याच्या परीक्षणाचं पहिलंच वाक्य होतं, "हे पुस्तक खोटं आहे." पुढे तीन पानं नुसता जाळ होता.

सरांनी दोन्ही परीक्षणं वाचली आणि दोन्ही परत दिली. "तू खुर्चीला नमस्कार केलास," ते पहिल्याला म्हणाले. हरजीतला म्हणाले, "तू माणसावर लिहिलंस. पुस्तक दोघांनीही बघितलेलं नाही." पहिला मुलगा खट्टू होऊन गेला. हरजीत तिथेच उभा राहिला.

"सरजी, मला ते गाव माहीत आहे. असं नसतं ते."

"असेल. पण कित्थे? कुठल्या पानावर तुला वाटलं की असं नसतं?"

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे कुठेच नाही. पुत्तर, तुझ्याकडे पुरावा असेल तर मी तुझ्या शेजारी उभा राहीन. नसेल तर मी तुला स्टेजवर जाऊ देणार नाही. आणि लिहावंसंच वाटत नसेल तर नको लिहूस. त्याने तू लहान होणार नाहीस."

हरजीतने पुस्तक उचललं आणि म्हणाला, "लिहितो."

सरांची पद्धत अशी होती की एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासायचं. प्रत्येक विधानाला पान सापडतं का ते बघायचं. हरजीतचं परीक्षण तपासायला त्यांनी मला नेमलं. ते पंधरा दिवस आम्ही दोघं लायब्ररीत समोरासमोर बसलो आणि भांडलो. तो लिहायचा, मी विचारायची, कुठे आहे हे? तो रागावून पानं उलटायचा. कधी सापडायचं, कधी नाही. नाही सापडलं की वाक्य खोडायचा. हळूहळू एक गंमत झाली. पुस्तकात त्याला आवडलेल्या गोष्टीही सापडायला लागल्या. एक दिवस म्हणाला, "यार, ही कुत्र्यांची गोष्ट याने बरोबर लिहिलीय."

कादंबरीत एक पान होतं. गावातली कुत्री एकेक करून मारली जातात, कारण ती भुंकली की रात्री येणाऱ्या बंदूकवाल्यांचा पत्ता लागतो. मग संध्याकाळनंतर गाव इतकं शांत होतं की लोकांना आपल्याच पावलांची भीती वाटते. हरजीत बराच वेळ त्या पानावर थांबला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी परीक्षण मागवून घेतलं आणि सरांना बोलावलं. मी आणि हरजीत बाहेर व्हरांड्यात उभे होतो, आवाज ऐकू येत होता.

"तुम्हाला कळतंय का हे दिवस कसे आहेत?" प्राचार्य म्हणत होते. "आणि हा मुलगा कुठला आहे?"

"म्हणून तर त्याने जास्त काळजीपूर्वक लिहिलंय," सर म्हणाले. "यातलं एक वाक्य निराधार आहे असं दाखवा, मी ते काढतो. सगळं निराधार दाखवलंत, तर सगळं काढतो."

बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज आला. शेवटी प्राचार्य म्हणाले, "मग जे होईल ते तुमच्या जबाबदारीवर."

"जी. माझ्याच," सर म्हणाले. बाहेर आले तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही, सरळ कँटीनकडे गेले. मागवलेला चहा त्यांनी न पिता तसाच ठेवला. मला तोवर वाटायचं की ते कशालाच भीत नाहीत.

हॉल भरलेला होता. अधिकारी स्टेजवर, त्यांचे बंदूकधारी रक्षक दोन्ही बाजूंना आणि दारात. सर पहिल्या रांगेत कडेला. मी त्यांच्या मागे, मांडीवर पुस्तक, पानांत कागदाच्या पट्ट्या घातलेल्या.

हरजीतने सुरुवात शांतपणे केली. भीती गावात कशी शिरते हे लेखकाला दाखवायचं आहे, असं सांगितलं. ते कुठे जमलंय ते सांगितलं. कुत्र्यांचं पान त्याने वाचून दाखवलं, तेव्हा मागच्या रांगांतली हॉस्टेलची मुलं एकदम पुढे सरकून बसली. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग तो म्हणाला,

"या पुस्तकात गावकऱ्यांच्या घरी नायक पुष्कळदा जातो. प्रत्येक वेळी दार उघडतं, तो प्रश्न विचारतो, घरातले उत्तर देतात किंवा देत नाहीत. पुस्तकभर एकही गावकरी त्याला उलट एकही प्रश्न विचारत नाही. एकाही बाईला नाव नाही. घराच्या आत काय आहे, चूल कुठे आहे, कोण कुठे झोपतं, ते आपल्याला कधी दिसत नाही. लेखकाला या लोकांचा विश्वास मिळवण्याची गोष्ट सांगायची आहे. पण त्याने आपल्याला उंबरठ्याच्या आत नेलेलं नाही. मी अशा गावातला आहे. आमच्याकडे लोक फार प्रश्न विचारतात."

अधिकारी पुढे झुकले. "कौन से पन्ने पर?"

हरजीतने पानांचे आकडे सांगितले, न अडखळता.

अधिकाऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं. स्टेजवर पुस्तकाची प्रत नव्हती, फक्त हार होते. मी कशी उठले ते मला आठवत नाही. पुस्तक घेऊन मी स्टेजकडे चालायला लागले, तसा एक रक्षक झटकन आडवा आला. त्याने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, उघडून झटकलं. माझ्या कागदाच्या पट्ट्या सगळ्या जमिनीवर पडल्या. मग त्याने पुस्तक वर दिलं. मी तिथेच वाकून त्या वेचायला लागले.

अधिकाऱ्यांनी एक पान काढलं, वाचलं. दुसरं काढलं. तिसरं. आपलंच पुस्तक ते अनोळखी माणसाचं असल्यासारखं वाचत होते. मग माईकपाशी आले.

"मी या गावांमध्ये नोकरीच्या निमित्ताने पुष्कळ फिरलो," ते म्हणाले. "एकाही घरात बसलो नाही. उभ्यानेच गेलो, उभ्यानेच परत आलो. हे पुस्तकात उतरलं असेल असं मला वाटलं नव्हतं."

मग त्यांनी हरजीतला विचारलं, "तुझं गाव कोणतं?"

त्या दिवसांत या प्रश्नामागून घरच्यांची चौकशी येते, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. सर उठून उभे राहिले. जाऊन हरजीतच्या शेजारी उभे राहिले. हरजीतने गावाचं नाव सांगितलं.

"तिथेही गेलोय," अधिकारी म्हणाले. पुस्तक त्यांनी मला परत दिलं, हरजीतकडे पाहून मान हलवली, आणि चहा न घेता निघून गेले.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई भडकली. "काहून उठली तू? त्यानं बंदूक चालवली असती तं?" बाबा जेवत राहिले. सकाळी ऑफिसला निघताना दारातून परत आले आणि म्हणाले, "ते पुस्तक ठेवून जा माझ्या टेबलावर. ती पानं बघतो म्हणतो." हिशेबाच्या कागदांखेरीज बाबांना काही वाचताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

बातमी हरजीतच्या गावी पोचली. त्याचे वडील पहिल्या बसने त्याला घेऊन जायला आले. सामान बांधायला सांगितलं. सरांनी त्यांना हिरवळीवर बसवलं आणि हरजीतचं सगळं परीक्षण पंजाबीत करून वाचून दाखवलं. आम्ही लांबून बघत होतो. वडील पगडीवर हात ठेवून ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांनी विचारलं, "कुत्र्यांचं त्या साहेबाने स्वतः लिहिलंय?"

"हो. स्वतः."

"ठीक लिहिलंय त्याने," वडील म्हणाले. मग उठता उठता, "आणि आमच्या पोरानेही ठीक लिहिलंय." सामान सुटलं. हरजीत राहिला.

त्याचं पुढे काही वाईट झालं नाही. महिनाभर आम्ही त्याला एकटं कुठे जाऊ दिलं नाही, एवढंच. आज तो आपल्या गावाजवळच्या शाळेत शिकवतो.

भोगावं लागलं ते सरांना. प्राचार्यांनी शनिवारचा तास बंद केला आणि वर्गाची किल्ली काढून घेतली. सरांनी तक्रार केली नाही. पुढच्या शनिवारी आम्हाला बागेत बोलावलं. शहरात जमावबंदी होती, चारांहून जास्त लोकांनी एकत्र बसायला मनाई. सरांनी आम्हाला दोन बाकांवर चार-चार असं बसवलं, मध्ये चांगलं अंतर ठेवलं, आणि स्वतः दोन्हींच्या मधल्या वाटेवर येरझाऱ्या घालत शिकवलं. एकदा हवालदार आला, त्याने मोजलं, परत मोजलं आणि डोकं खाजवत विचारलं, "आप किसके साथ हैं?"

"मैं तो टहल रहा हूँ जी," सर म्हणाले.

बाबांची बदली पुण्याला होईपर्यंत आम्ही तसेच बसत राहिलो.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझा पहिला कथासंग्रह निघाला तेव्हा मी एक प्रत सरांना पाठवली. मराठीतलं पुस्तक त्यांच्या काय कामाचं? पण त्यांच्याकडे शिकलेल्या माणसाने एवढं करावं म्हणून पाठवली. कपाटात ठेवून द्या, असं सोबत लिहिलं. पोच आली नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, मी वाट पाहिली नाही.

वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी फोन वाजला.

"पहिली कथा झाली वाचून," पलीकडून आवाज आला. आवाज बारीक झाला होता, तरी ओळखता आला.

"सर! वाचली? कुणाकडून वाचून घेतलीत?"

"वाचून कशाला घेऊ? मी वाचली. अर्थ लागला नाही तिथे शेजारणीला विचारलं. सांगलीच्या आहेत, त्यांचे मिस्टर एअर फोर्समध्ये आहेत. अक्षरं नातीने शिकवली. आमच्या शाळेत उर्दू होतं, मग गुरमुखी आली, मग इंग्रजी. ही तुमची लिपी राहूनच गेली होती."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. गॅसवर काहीतरी उतू जात होतं, ते जाऊ दिलं.

"आई चांगली उभी केलीस," सर म्हणाले. "बाप मात्र नुसता बोलतो. त्याला काहीतरी काम दे. आणि शेवटचा परिच्छेद काढून टाक, तो तू लोकांना खूष करायला लिहिलास."

ते शंभर टक्के बरोबर होतं. इतक्या परीक्षणांत तो परिच्छेद कुणाच्याही नजरेला आला नव्हता. हिंदी वर्तमानपत्रसुद्धा ज्याला वाचता येत नव्हतं, त्या माणसाने या वयात बाराखडी गिरवून माझी चूक काढली होती. आयुष्यात माझा एवढा मोठा मान कुणी केलेला नाही.

"आणि बाकीच्या कथा, सर?"

"थांब, बेटा," ते म्हणाले. "जोडाक्षरं जड जातात मला अजून."